शेतात लहान विमान कोसळल्यास काय करावे

बारामती, गोंदिया, धुळे या परिसरात प्रशिक्षणाची विमाने डोक्यावरून जाणे नित्याचे आहे. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीत असे एक विमान शेतात कोसळले, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन अपघात झाले. जमिनीलगत उडताना इंजिन बंद पडले किंवा वळताना वेग घटला, तर सावरण्यापुरती उंचीच वैमानिकाच्या हाती उरत नाही. आणि मदतीला बहुधा सर्वांत आधी पोचतो तो शेजारच्या रानातला माणूस.

त्याने धावत सुटण्यापूर्वी विजेच्या तारा पाहाव्यात. सरीत पडलेली तार निपचित दिसली तरी तिला हात लावू नये, कारण बंद पडलेली वाहिनी आपोआप पुन्हा सुरू होऊ शकते, आणि रान भिजलेले असेल तर धोका आणखी वाढतो. किमान दहा मीटर लांब थांबून ११२ वर कळवावे व महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री करून घ्यावी. डीपीचा फ्यूज काढायला निघणारा उत्साही गडी प्रत्येक गावात असतो. पण तुटलेली तार डीपीकडे वीज आणणारी, उच्च दाबाची असेल, तर फ्यूज काढून ती बंद होत नाही.

तारा नसतील तर विडी-काडी लांब ठेवून, नाकावरच्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) बाजूने न जाता विमानाजवळ जावे. सेस्ना १५२ सारख्या विमानात पेट्रोल दोन्ही पंखांत असते आणि ते निळसर दिसते. थांबलेला पंखाही हलवू नये. इंजिन एखादा झटका घेऊ शकते. विमान उलटे असल्यास आतील माणूस पट्ट्याला लोंबकळत असतो, म्हणून एकाने त्याचे खांदे व मान पेलून धरल्यावरच दुसऱ्याने पट्टा सोडावा. आगीची भीती नसेल, तर १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीला न हलवणे बरे.

सुटकेसाठी आवश्यक तेवढेच अवशेष हलवावेत. अशा विमानांत बहुधा ब्लॅक बॉक्स नसतो, त्यामुळे विमान अपघात अन्वेषण विभागाला प्रत्यक्षदर्शीचे म्हणणे मोलाचे ठरते. विमान कोणत्या दिशेने आले, नारळाच्या झाडापेक्षा उंच होते की खाली, इंजिनाचा आवाज अडखळत होता की एकदम थांबला, हे इतरांशी चर्चा करण्याआधी वेळेसह कागदावर लिहून ठेवावे.