टिक फिव्हरची औषधे चालू असताना कुत्र्याच्या बाबतीत या चुका टाळा

गोचिडींमुळे होणाऱ्या एर्लिकिओसिस या आजाराचे, म्हणजेच ज्याला आपण सर्रास ‘टिक फिव्हर’ म्हणतो त्याचे, निदान झाले की कुत्र्याला सामान्यतः सुमारे 4 आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यावे लागते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) नष्ट करू लागली असेल, तर डॉक्टर काही काळ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही जोडीला देतात. ताप बहुधा पहिल्या 2-3 दिवसांतच उतरतो आणि मग औषधांचे दुष्परिणाम दिसू लागतात. त्यांचा चुकीचा अर्थ लावून घरच्यांनी परस्पर औषध थांबवले किंवा त्यात भर घातली, तर सुधारू लागलेला कुत्रा पुन्हा सलाइनवर जाऊ शकतो.

गोळी देताना

डॉक्सिसायक्लिन उपाशीपोटी दिले की अनेक कुत्र्यांना उलटी होते, म्हणून ते अर्धे जेवण झाल्यावर द्यावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तेथील आतल्या अस्तराला इजा होऊ शकते. त्यामुळे गोळीनंतर दोन घास भरवावेत किंवा सुई काढलेल्या सिरिंजने ओठांच्या कोपऱ्यातून सावकाश 5-6 मिली पाणी पाजावे. गोळी पनीरमध्ये, पेढ्यात किंवा दहीभातात लपवण्याची सवय मात्र सोडावी, कारण कॅल्शियममुळे हे औषध रक्तात कमी शोषले जाते. उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा मऊ भाताचा घट्ट गोळा चालतो.

रक्त वाढावे म्हणून दिल्या जाणाऱ्या लोहाच्या टॉनिकचाही असाच परिणाम होतो. दोन्ही औषधे एकदमच पाजून मोकळे होणे सोयीचे वाटते, पण त्यांत किमान 2-3 तासांचे अंतर हवे. उलटी झालीच तर तिच्यात गोळी दिसते का ते पाहावे, वेळ लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरी गोळी देऊ नये.

तहान, लघवी आणि भूक

प्रेडनिसोलोन सुरू झाले की कुत्रा पाण्याचे भांडे पुन्हा पुन्हा रिकामे करतो, पहाटे दाराशी जाऊन उभा राहतो आणि एरवी कधीही घरात लघवी न करणारा जीव चटईवर ओली खूण सोडतो. अशा वेळी रात्री पाणी उचलून ठेवणारी अनेक घरे आहेत, आणि ही चूक खरोखर वाईट आहे. स्टेरॉइडमुळे लघवीचे प्रमाण वाढलेले असते. पाणी बंद केल्याने लघवी थांबत नाही, शरीर मात्र कोरडे पडते. पाणी कायम समोर ठेवावे, झोपण्यापूर्वी एक जादा फेरी मारावी, अंथरुणाखाली प्लॅस्टिक घालावे आणि त्याला रागावू नये, कारण हे त्याच्या हातात नसते. निरोगी कुत्रा दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 50-60 मिली पाणी पितो; हे प्रमाण 100 मिलीच्या पुढे गेले, तर डॉक्टरांना आकडा सांगावा. ‘खूप पितो’ एवढ्याने त्यांना फारसा बोध होत नाही.

भुकेचेही तसेच. आजारपणात न जेवलेला कुत्रा आता ताटाशी बसून केविलवाणे पाहतो, म्हणून जादा पोळ्या घातल्या जातात आणि वजन भराभर वाढते. एकूण खाणे तेवढेच ठेवून ते जास्त वेळांत विभागून द्यावे. बसल्या जागी धापा टाकणे आणि रात्रीची अस्वस्थता हेही स्टेरॉइडचे नेहमीचे परिणाम आहेत. त्यामुळे हे औषध सकाळी जेवणासोबत देता येईल का, ते विचारून घ्यावे.

सर्वांत घातक दोन चुका

पहिली चूक म्हणजे अंग गरम लागले म्हणून घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी देणे. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे आपल्या हाताला तो गरमच लागणार. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्यांना विषारी ठरू शकतात आणि पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने कधी देऊ नये. पूर्वी पाय मुरगळला तेव्हा पशुवैद्यांनीच दिलेले मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक कपाटात उरले असेल, तरी स्टेरॉइड चालू असताना ते देऊ नये. या दोन औषधांच्या जोडीने जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि प्लेटलेट आधीच कमी असलेल्या कुत्र्यात असा रक्तस्राव लवकर थांबत नाही.

दुसरी चूक म्हणजे त्रास पाहवत नाही म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करणे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या, मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम कमी करतात आणि ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. मात्रा टप्प्याटप्प्याने न उतरवता औषध थांबवले, तर कुत्रा गळून जातो, थरथरतो, उलट्या-जुलाब होतात, आणि हे जिवावरही बेतू शकते. त्रास जास्त वाटला तर डॉक्टरांना फोन करावा. मात्रा कशी उतरवायची ते त्यांनीच ठरवायचे असते.

त्याच दिवशी दवाखाना गाठावा असे काही

दररोज उजेडात ओठ वर करून हिरडी पाहावी. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी झालेली जागा 2 सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट असेल, तिच्यावर किंवा पोटाच्या उघड्या त्वचेवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उमटले असतील, नाकातून रक्त आले किंवा शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, तर सकाळची वाट पाहू नये. लोहाच्या टॉनिकनेही शी काळपट होते, म्हणून दवाखान्यात टॉनिकचे नाव न विसरता सांगावे. वारंवार उलट्या होणे, डोळे पिवळे दिसणे आणि दिवसभर अन्नाला तोंड न लावणे यांनाही औषधाचा किरकोळ त्रास समजू नये.

कुत्रा खेळू लागला म्हणून डॉक्सिसायक्लिन मध्येच सोडू नये. कोर्स संपताना रक्ततपासणी करून प्लेटलेट पुरेशा वाढल्या आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. एकदा झालेला टिक फिव्हर पुन्हा होऊ शकतो आणि गोचिडी भिंतींच्या फटींत अंडी घालतात, त्यामुळे गोचीडनाशकाचा पुढचा डोस कधी द्यायचा तेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.