ड्राय वेट, सोयाबीनची ओल आणि माझी शंभर पानी वही

नव्यानं डायलिसिसवर आलेल्यांसाठी हे लिहितोय. डायलिसिस म्हणजे किडन्या बंद पडल्यावर मशीननं रक्त धुणं आणि अंगातलं जादा पाणी काढणं, फिस्टुला म्हणजे त्या सुया टोचायला हातात शिरा जोडून केलेली जागा. ते कशाला करतात, पथ्य कुठलं, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच असेल. नसेल तर आधी त्यांना विचारा. मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे. मंगळ, गुरु, शनि सकाळी सहाच्या शिफ्टला चार तास मशीनवर, आणि सोम, बुध, शुक्र आडतीच्या गादीवर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाचे हिशोब, लिहीत. हे पाचवं वर्ष. मी फसलो कुठं, ते आधी सांगतो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत माणसाचं नाव जातं. वॉर्डात मी ‘चार नंबर’ होतो. घरी ‘त्यांना त्रास नको’ म्हणून बायको आणि भाऊ दुसऱ्या खोलीत हळू बोलायचे. गल्लीत एकानं तर मुलीच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातात न देता माझ्यासमोर भावाच्या हातात दिली. मीही गप्प बसलो. सुई टोचू द्यायची, चार तास पडायचं, उठायचं, घरी येऊन झोपायचं. विचारायचं काहीच नाही. हा गप्पपणाच पुढं मला महागात पडला.

डायलिसिस लागलं तेव्हा उलट्यांनी मी पार वाळलो होतो. त्या वेळी ठरलेलं ड्राय वेट 54 किलो. पाणी काढल्यावर अंगात जेवढं वजन राहायला पाहिजे तो हा आकडा, हे तुम्हाला माहीत असेल. पुढच्या तीन महिन्यांत रक्तातली घाण उतरली, तोंडाला चव आली, मी दोन भाकरी खायला लागलो. फाईलवर मात्र तेच 54.

आता दर वेळी काट्यावर उभं राहिलं की 57, कधी साडेसत्तावन. सिस्टर म्हणायची, “काका, तीन किलोच्या वर आहे, पाणी कमी करा.” मशीनवर तीन-साडेतीन लिटर काढायला लावायचे. तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत असे गोळे यायचे की मी गादीचा कोपरा दातात धरायचो. बीपी 80 वर. मग सलाईन, मग मशीन थांबवायचं, वजन 55.5 वर सोडून घरी. संध्याकाळपर्यंत मढ्यासारखं पडून. शेजारच्या खाटेवरचे मामा हसून म्हणायचे, “लई पाणी प्यायलाव वाटतं भाऊ!” आणि मला ते खरं वाटायला लागलं. मी दिवसाला अर्ध्या लिटरवर आलो. जीभ टाळूला चिकटायची. रात्री बायको झोपली की मला स्वतःचाच संशय यायचा, झोपेत उठून माठाकडं जातो की काय.

मग एकदा गादीवर बसून सोयाबीनची पट्टी लिहीत असताना डोक्यात आलं. काट्यावर पोतं भरतं, पण त्यात माल किती आणि ओल किती हे काटा सांगत नाही. त्याला मॉइश्चरचं मशीन लागतं. 12 टक्क्यांच्या वर ओल आली की भाव तुटतो, यावरून शेतकऱ्याशी भांडण आम्ही रोज ऐकतो. माझ्या अंगात मात्र सगळी वाढ ओलच आहे असं धरून चालले होते.

दुकानातून शंभर पानी वही आणली. रोज काय प्यालो ते मोजून लिहायला लागलो. चहाचा कप 80 मिली, आमटीची वाटी 120, गोळ्यांबरोबरचं पाणी, कलिंगडाची फोड सुद्धा. आणि दर वेळचं चढतं आणि उतरतं वजन, म्हणजे मशीनवर चढतानाचं आणि उतरतानाचं.

डायलिसिसच्या दहा पाळ्यांनंतर खातं बघितलं. हे हळू वाचा, कारण इथंच गोम आहे. काट्यावर 57.1. फाईलप्रमाणे 54 वजा केले की 3.1 किलो, म्हणून ‘तीन लिटर पाणी प्याला’. पण मागच्या वेळी मी 54 वर उतरलोच नव्हतो, 55.5 वर घरी गेलो होतो. 57.1 मधून 55.5 गेले की उरले 1.6. दोन दिवसांत वाढलं ते एवढंच. वहीतलं पाणी आणि जेवणातली ओल धरली तर बरोबर जुळत होतं. उरलेले दीड किलो म्हणजे आमच्या भाषेत मागील बाकी. ती प्रत्येक वेळी माझ्या नावावर नवीन उधारी म्हणून लिहिली जात होती. आणि ते पाणी नव्हतंच मुळी, बायकोच्या हातच्या भाकरीचं मांस होतं. ते पाणी समजून मशीन अंगातलं लागणारं पाणी ओढत होतं.

वही घेऊन डॉक्टरांपुढं गेलो तेव्हा हात कापत होते, खोटं कशाला सांगू. त्यांनी पायावर अंगठा दाबून सूज बघितली, छाती ऐकली, एक्स-रे काढायला लावला. पाणी नव्हतं. ड्राय वेट 55.5 केलं, पुढं टप्प्याटप्प्यानं 57. गोळे थांबले. त्या आठवड्यात डायलिसिसहून मी चालत घरी आलो.

आता हे वाचून उद्या तुम्ही सिस्टरशी भांडाल आणि ‘माझं ड्राय वेट वाढवा’ म्हणाल, तर तेवढंच वाईट. याची उलटी बाजूही मी भोगली आहे. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवस तापात जेवण तुटलं. काट्यावर 57 च, सगळे खूश. पण मांस गेलं होतं आणि त्या जागेवर पाणी भरलं होतं. एका रात्री आडवं होताच दम कोंडला, पहाटेपर्यंत खाटेवर बसून काढली आणि मग रिक्षानं पळवलं. म्हणून खाणं बदललं, आजारी पडलात, पँट ढिली किंवा घट्ट झाली, की आपण होऊन विचारा. आकडा डॉक्टरच बदलतील. आठवण करून देणं तुमचं काम.

आणखी एक. मशीन सुरू करताना आज किती काढणार हे विचारा. तासाला, वजनाच्या किलोमागं 13 मिलीच्या वर ओढलं की हृदयावर ताण येतो असं डॉक्टर मानतात. माझ्या 57 किलोला चार तासांत ते तीन लिटरच्या आत येतं. जास्त साठलं तर वेळ वाढवून मागा. “अर्धा तास आधी मशीनवरून काढा, घाई आहे” म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मी पण म्हटलंय ते.

वॉर्डातल्या जुन्या पेशंटला गुरू करू नका. मामा चांगला माणूस, पण ‘मशीनवर असताना केळं खाल्लेलं चालतं, सगळं धुऊन निघतं’ हे त्यांचंच ज्ञान. केळ्यात पोटॅशियम असतं, ते रक्तात फार चढलं की हृदय थांबू शकतं, आणि ते आधी कळवत नाही. भेटायला येणारे नारळपाणी आणि मोसंबी आणतात. प्रेमानं घ्या आणि शेजाऱ्याला द्या. ‘कमी सोडियमचं’ मीठ तर घरातच आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. माझ्यासारखा शनिवार ते मंगळवार असा मोठा खंड ज्यांचा पडतो त्यांनी त्या दोन दिवसांत जास्तच जपायचं. आणि काढा देऊन मशीन सोडवतो म्हणणारा भेटला तर चप्पल घालून निघा.

कागदपत्रांचं थोडक्यात: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा.

घाबरू नका, हेही सांगतो. हात गेला असं मला फिस्टुला झाल्यावर वाटलं होतं. डाव्या हातानं पोतं उचलत नाही, त्या हातावर बीपी घेऊ देत नाही, त्या कुशीवर झोपत नाही, एवढंच. रोज सकाळी उठलो की मनगटावर बोटं ठेवतो. मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. लागली नाही तर त्याच क्षणी दवाखाना. पुतण्या कान लावून ऐकतो आणि शाळेत सांगतो की काकाच्या हातात मोटार आहे. वॉर्डात आता मी पहिल्यांदा नाव सांगतो, मग खाट नंबर. नवीन टेक्निशियनला ते दोनदा सांगावं लागतं. सांगतो.

तहानेचं काय करायचं, हे मला नीट जमलेलं नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या गावचा मी. टँकरच्या रांगेत घागर धरून उभा राहिलोय. एका पाळीत माझं रक्त धुवायला मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे चार तासांत 120 लिटर पाणी जातं. आठ घागरी! आणि मला दिवसाला मिळतं एक लिटर, तेही आमटी धरून. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चोखतो, लोणचं आणि ठेचा बंद केलाय, कारण मीठच पाणी मागतं.

यंदा वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, भावाच्या शेतात गेलो. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, भज्जी, म्हणजे भाज्या-डाळींची एकत्र भाजी, वाढली, बाजरीचे उंडे आले. वहिनीनं माझ्या ताटाशी अंबिलाचा, म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या आंबट पेयाचा, तांब्या आणला आणि मग आठवण होऊन मागं घेतला. मी म्हटलं, आणा इकडं. लहान वाटी भरून घेतली, भज्जी चमचाभर चवीपुरती. खोपीच्या सावलीत बसून वही काढली आणि लिहिलं: अंबील, 1 वाटी, 120. भाऊ म्हणाला, “इथंबी लिहायलास का?” पुढच्या पाळीला काट्यावर 58.6 भरलं. सिस्टरनं फाईल उघडायच्या आत मी सांगितलं, मागचं उतरतं 57, वाढ 1.6.