हेडक्वार्टर कंपनीच्या हवालदार मेजरने वर्ष कसे आखावे

रायफल कंपनीच्या हवालदार मेजरला, म्हणजे कंपनीच्या ज्येष्ठ हवालदाराला, सकाळच्या फॉलिनला आपली माणसे एका रांगेत उभी दिसतात. हेडक्वार्टर कंपनीत ते सहसा घडत नाही, कारण सिग्नलवाले एक्स्चेंजवर, ड्रायव्हर रस्त्यावर, कुक लंगरमध्ये आणि स्टोअरमन क्वार्टरमास्टरकडे असतात. कोल्हापुरात रजेवर आलेले, नुकतीच ही जबाबदारी मिळालेले जवान सुरुवात कोठून करावी असे विचारतात, तेव्हा मी नफरीपासून, म्हणजे माणसांच्या मोजणीपासून, असेच सांगतो. रोजच्या परेड स्टेटमध्ये (हजेरीच्या तक्त्यात) ‘लंगर चार’ असा आकडा न लिहिता चारही नावे लिहावीत आणि संध्याकाळच्या रोल कॉलला प्रत्येक सेक्शनच्या प्रमुखाकडून ती तोंडी पडताळून घ्यावीत.

त्यानंतर रजेचा तक्ता. या कामाला जितका वेळ द्याल तितका थोडाच आहे. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांपर्यंत नैमित्तिक रजा मिळते, म्हणजे सरासरीने कंपनीचा चौथा हिस्सा नेहमी घरीच असणार. म्हणून तक्ता हुद्द्यानुसार न करता ट्रेडनुसार करावा. आठ ड्रायव्हर असतील, तर एका वेळी दोनच सुटतील अशा बेताने ड्रॉइंग शीटवर बारा महिन्यांचे चौकोन आखून त्यांत पेन्सिलीने नावे भरावीत.

आपल्या जिल्ह्यातील मुले एकाच कंपनीत बरीच असली की अडचण वाढते. राधानगरी-गगनबावड्याच्या जवानाला भाताच्या रोपलावणीसाठी पावसाळ्यात यायचे असते, हातकणंगले-शिरोळच्या जवानाला ऊसतोडीच्या वेळी, आणि जोतिबाची चैत्र यात्रा व गणपती तर सर्वांनाच हवे असतात. अशा वेळी प्रत्येकाकडून दोन पर्याय लेखी घ्यावेत आणि एकालाच दोन्ही सण सलग मिळणार नाहीत, हे आधीच सर्वांसमोर स्पष्ट करावे.

शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील नदीकाठच्या जवानांची किमान दहा दिवसांची नैमित्तिक रजा ऑगस्ट संपेपर्यंत शिल्लक ठेवावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी धरतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांत तिने ही पातळी कितीतरी ओलांडली होती. माझ्या हाताखालच्या एका ड्रायव्हरची सगळी रजा मी जूनपर्यंत संपू दिली होती. जुलैत त्याच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले आणि म्हातारी आई शाळेच्या छावणीत गेली, तेव्हा कंपनी कमांडरसमोर उभा राहून मला माझी चूक सांगावी लागली. त्या वर्षापासून ही दहा दिवसांची अट मी कधी सोडली नाही.

फायरिंग आणि शारीरिक चाचण्यांत ही कंपनी मागे पडते, त्याला आळस कारण नसून ड्युटी कारण असते. सगळ्यांना एका दिवशी रेंजवर नेण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक सेक्शनचे दोन भाग पाडावेत. पहिला भाग सकाळी गोळ्या झाडून परतला की दुसऱ्याने निघावे, आणि त्या दिवसाचा नाश्ता लंगरने पहाटेच तयार ठेवावा. कुक, न्हावी आणि धोबी हेही सैनिकच आहेत. त्यांची नावे यादीच्या शेवटी गेली की ती राहूनच जातात, म्हणून त्यांना पहिल्या तुकडीत घ्यावे.

कोतातील, म्हणजे शस्त्रागारातील, हत्यारांची तपासणी करताना केवळ संख्या जुळली यावर समाधान मानू नये. कोत एनसीओने (कोत सांभाळणाऱ्या हवालदाराने किंवा नायकाने) प्रत्येक रायफल रॅकमधून काढून तिच्यावर कोरलेला नंबर मोठ्याने वाचावा आणि आपण तो रजिस्टरमध्ये बोट ठेवून पाहावा. बट नंबर (रायफलच्या दस्त्यावरचा क्रमांक) नजरेला सोपा म्हणून त्यावरच विसंबण्याची सवय लागते, ती लागू देऊ नये. गाड्यांच्या कार डायऱ्या (प्रत्येक गाडीच्या नोंदवह्या) आणि वायरलेस सेटच्या बॅटऱ्यांची चार्जिंग नोंद आठवड्याच्या मेंटेनन्सच्या दिवशीच पाहावी. मार्चअखेरच्या स्टोअर मोजणीची तयारी जानेवारीत सुरू केली, तर वार्षिक इन्स्पेक्शनचे निम्मे काम त्यातच होते.

पुढील वर्षाचा रजेचा तक्ता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावावा, परंतु जुना फाडू नये. यंदा गणपतीत कोणाला घरी जाता आले नाही हे त्यावरूनच कळते, आणि नव्या तक्त्यात त्या चौकोनात सर्वांत आधी त्याचेच नाव लिहावे.