अटकेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत या चुका टाळा

रात्री साडेअकराला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार अक्कांचा फोन आला. मुलाला कारखान्यातून पोलीस घेऊन गेले होते. "किती वाजता नेलं?" विचारलं तर म्हणाल्या, "लाइटबिलाच्या मागं लिवून ठेवलंय, सव्वासात." दुसऱ्या दिवशी वकिलांनी पहिल्यांदा मागितलं ते तेच बिल. म्हणून आधी वेळेबद्दलच बोलते.

"फक्त चौकशीला नेलंय, सकाळी सोडतील" असं धरून घरचे बसून राहतात. माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, संविधानाच्या कलम 22 मध्येच ते आहे. सातला नेलेल्या पोराची अटक कागदावर रात्री दोनची दिसली, तर मधले तास गेले कुठे, हे वकील विचारू शकतो; पण त्यासाठी हातात काहीतरी हवं. कोणी नेलं, कुठून, किती वाजता, कोणी पाहिलं, लगेच लिहा. सोलापुरात शहर आयुक्तालय वेगळं, ग्रामीण पोलीस वेगळे. चुकीच्या ठाण्यात खेटे घालण्यात रात्र जाते, तेव्हा आधी नियंत्रण कक्षात विचारा. शिवाय अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

दुसरी चूक सहीची. अटकेच्या पंचनाम्यावर तारीख, वेळ आणि साक्षीदाराची सही असते. तो वाचा, वेळ बरोबर असेल तरच सही करा, चुकीची असेल तर तसं सांगा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच नाही. आणि तपासात पोलीस जो जबाब घेतात, त्यावर सही करायची कायद्याने गरजच नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आपल्या गावात याला भाषेचं एक दुखणं जोडलेलं आहे. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या माणसासमोर मराठी कागद येतो आणि तो मान डोलावतो. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय, अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची. लेखी कारणं लगेच देणं शक्य नसलं, तरी मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत. "मला कळलं नाही" म्हणायला लाजू नका.

भीतीपोटी सगळं बोलून टाकणं हीसुद्धा चूकच. नाव-पत्ता खरा सांगा. गुन्ह्याबद्दल "वकिलाला भेटल्यावर बोलतो" म्हणा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसेलच असं नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा धरली जात नाही, पण तिच्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग धरला जातो. "खरं सांगितलं की सुटतो" हा सल्ला देणारे शेजारी हे विसरतात.

बाईला सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, अपवाद सोडता, अटक करता येत नाही. अपवादातही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते.

मार बसला असेल आणि मॅजिस्ट्रेटने "काही तक्रार आहे का?" विचारलं, तर तिथे गप्प राहू नका. पुढे कोण विश्वास ठेवणार? वळ, सूज, दुखणं डॉक्टरलाही सांगा. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते आणि तिच्या अहवालाची प्रत मागता येते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून ठाण्याबाहेर "मिटवून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात सोनं मोडून आलेली रक्कम ठेवू नका. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, मग त्याचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, 15100 वर फोन करा, किंवा मॅजिस्ट्रेटलाच सांगा: "मला वकील नाही."