आईशी फोनवर काय बोलायचं? आधी वाल भिजत घाला

माझी आई चिपळूणजवळच्या एका वाडीत राहते. वय ७८. मी चिंचवडला असते, धाकटा भाऊ जर्मनीत. बाबा गेल्यापासून आम्ही दोघंही तिला न चुकता रोज फोन करायचो. "जेवलीस?" "जेवले." "गोळ्या घेतल्यास?" "घेतल्या." "बरी आहेस ना?" "मला काय धाड भरलीय?" झालं, फोन संपला. शाळेत हजेरी घेतात तसं चाललं होतं. ठेवल्यावर मलाच चुटपुट लागायची, आणि तिकडे ती एकटीच पडवीत बसलेली असणार हे डोळ्यांसमोर यायचं.

गावी आईवडील, शहरात मुलं, असं ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्हाला जे लागू पडलं तेवढंच सांगते. मला उमगलेली गोष्ट एकच: बोलण्यासाठी फोन केला की बोलणं सुचत नाही, दोघींनी मिळून एखादं काम काढलं की ते आपोआप सुचतं.

आमचं काम म्हणजे डाळिंब्या सोलणं. ही युक्ती काही मी ठरवून काढली नाही. एका शनिवारी दुपारी मी वाल सोलत होते, हात ओले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकून ओट्याला टेकवला. आईने विचारलं, "काय गो, कसला आवाज येतोय पाण्याचा?" मी सांगितलं. तिकडून लगेच, "किती वेळ भिजवलेस? मोड केवढे आलेत? कडवे आहेत की गोडे?" त्या दिवशी आम्ही पन्नास मिनिटं बोललो.

तेव्हापासून शनिवारी चार वाजता दोघी सोलायला बसतो, ती तिच्या पडवीत, मी माझ्या स्वयंपाकघरात. गुरुवारी रात्री पाव किलो कडवे वाल भिजत घालायचे. शुक्रवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून गॅसच्या शेजारी ठेवते. शनिवारी मोड आलेले वाल अर्धा तास कोमट पाण्यात टाकायचे, म्हणजे साल सुटते. मग मोडाच्या टोकाशी चिमटीत धरून हलकेच दाबायचं, डाळिंबी सुळकन बाहेर येते. फार जोर दिला की दोन डाळी वेगळ्या होतात. आई त्या फुटक्या वेगळ्या वाटीत टाकते, आमटीसाठी. मीही आता तसंच करते.

पाव किलोला पाऊण तास सहज जातो. हात गुंतलेले असतात, त्यामुळे मधे दोन मिनिटं कुणी बोललं नाही तरी अवघडल्यासारखं होत नाही, आणि त्या गप्प बसण्यातूनच पुढचं बोलणं निघतं. आईने तिच्या सासूबद्दल मला कधी काही सांगितलं नव्हतं. एका शनिवारी सोलता सोलता म्हणाली, "पहिल्यांदा या घरात वाल सोलले तेव्हा निम्मे फोडले मी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसती आमटीची वाटी पुढे सरकवली." ही वाटी तिथून आलीय तर! "बरी आहेस ना" विचारून ही गोष्ट मला कधीच कळली नसती.

वालच पाहिजेत असं नाही. लसूण सोलणं, मेथी निवडणं, गवारीच्या शिरा काढणं, वाती वळणं, काहीही चालेल. काम बसून करायचं असावं, मिक्सर किंवा फोडणीचा आवाज नसावा, आणि त्यात समोरच्या माणसाचा हात तुमच्यापेक्षा जास्त बसलेला असावा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सगळे सूचनाच देत असतात, इकडे जाऊ नको, ते उचलू नको. आठवड्यातून एकदा तरी सांगणाऱ्याच्या जागी त्यांना बसू द्या.

वेळ ठरवताना त्यांचा दिवस बघा, आपला नाही. आधी मी रात्री नऊला, माझी कामं आटपली की फोन करायचे. तेव्हा आई अंथरुणावर पडलेली असायची. चार वाजता तिचा चहा झालेला असतो, उजेड असतो, आणि आमच्या घरी रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते, तिथे तेव्हा ऊन नसतं. आता तिची पाटाची जागा तीच. साधा बटणांचा फोन असेल तर तुमचा नंबर २ च्या बटणावर लावून द्या, बटण दाबून धरलं की फोन लागतो. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, तेव्हा फोन लागला नाही तर शेजारच्या कुणाकडे करायचा हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे जीव टांगणीला लागत नाही.

आता कानाचं. इथे माझी मोठी चूक झाली. एका शुक्रवारी मी फोनवर सांगितलं की उद्या येणं रद्द झालंय. आई "हो हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वहिनींचा फोन आला, "तुमची आई दुपारपासून जेवायची थांबलीय." माझ्यासाठी घावणे केले होते तिने. तिला ऐकूच आलं नव्हतं, आणि "काय?" असं तिसऱ्यांदा विचारायची तिला लाज वाटली. वयानुसार आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू यायचे कमी होतात. स, श, फ ही अक्षरं निसटतात, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. त्यावर ओरडून उपयोग होत नाही. आवाज खालच्या पट्टीत आणा, सावकाश बोला, आणि महत्त्वाचं असेल ते त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. "मग मी कधी येतेय सांग?" असं विचारलं की समजतं. डॉक्टरांना कान दाखवाच. आधी मळ साचलाय का ते बघतात, मग श्रवणचाचणी करतात. आईला मशीन मिळालं, त्याची सवय व्हायला दोन-तीन महिने गेले. लगेच जमलं नाही म्हणून ते कपाटात ठेवू देऊ नका.

महिन्याला एक पोस्टकार्ड टाका, ५० पैशांत होतं. "ती. आईस सा. न. वि. वि." अशी सुरुवात केली की पुढचं आपसूक येतं. फोन ठेवला की संपतो, कार्ड उशीखाली राहतं.

भाऊ रविवारी सकाळी तिकडे पोळ्या लाटताना व्हिडिओ कॉल लावतो. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, ते आईच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलंय, नाहीतर ती तासभर आधी फोन हातात घेऊन बसायची. त्याची पोळी फुगली की ती इकडे टाळी वाजवते.

आणि प्रत्यक्ष भेटायचं असेल तर एसटी आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आधार कार्ड जवळ ठेवायचं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे आम्ही दोघी मिळून माझ्या अर्ध्या तिकिटात कुंभार्ली घाट चढून येतो. आई इथे आली की पहिले दोन दिवस मी तिला "आराम कर" म्हणायचे आणि तिसऱ्या दिवशी ती परत जायचं काढायची. आता आल्या आल्या कोथिंबिरीची जुडी तिच्यापुढे ठेवते. पंधरा दिवस राहते.

पहिल्या शनिवारी गप्पा रंगल्या नाहीत तर सोडून देऊ नका. आमचा दुसरा आणि तिसरा शनिवार अगदीच रुक्ष गेला होता, नुसतं पाणी आणि साली. चौथ्या गुरुवारी रात्री साडेआठला आईचा मिस्ड कॉल आला. ती स्वतःहून कधीच फोन करत नसे, मी घाबरून उलट लावला.

"बाय," ती म्हणाली, "वाल भिजवलेस ना?"