सकाळी विमान, दुपारी मॅच, रात्री घरी

धाकट्या जावेच्या भिशीनं यंदा ठरवलंय, की संक्रांतीला वाटायला स्टीलच्या वाट्या आणायच्या नाहीत, त्या पैशात आयपीएलची एक मॅच स्टेडियमात बसून बघायची. विमानानं जायचं आणि त्याच दिवशी परत. आम्ही पाच जणी मागं असंच साताऱ्याहून अहमदाबादला जाऊन आलो होतो, म्हणून तिनं माझ्याकडं यादी मागितली. "ताई, काय काय घ्यायचं तेवढं लिहून द्या." लिहायला बसले आणि कळलं, घ्यायचं मूठभर आहे, घरी ठेवून जायचं टोपलीभर.

तर पहिलं काम परतीच्या विमानाचं. सगळ्या जणी आधी मॅचची तारीख धरतात, मग जायचं विमान, आणि परतीचं "बघू" म्हणतात. तू उलटं कर. संध्याकाळची मॅच साडेसातला सुरू होते आणि संपता संपता सव्वाअकरा, साडेअकरा होतात. त्यानंतर त्याच रात्री घरी यायचं विसरायचं. म्हणून दुपारची साडेतीनची मॅच बघ. ती शनिवार-रविवारी, एका दिवशी दोन सामने असतात तेव्हाच मिळते. साडेसातपर्यंत बहुतेक आटोपते. बाहेर पडायला पाऊण तास, विमानतळ गाठायला तेवढाच वेळ धर, आणि परतीचं विमान रात्री दहाच्या पुढचंच घे. आठ-सव्वाआठचं स्वस्तात दिसलं तरी हात लावू नकोस.

प्लेऑफ आणि फायनल तर एका दिवसाच्या बेतात बसवूच नये. २०२३ ची फायनल अहमदाबादलाच होती, २८ मेला. त्या दिवशी पाऊस, मग राखीव दिवशी २९ ला खेळ, त्यातही पुन्हा पाऊस, आणि जडेजानं शेवटच्या दोन चेंडूंवर छक्का-चौका मारून चेन्नईला जिंकून दिलं तेव्हा ३० तारीख लागली होती. २८ च्या रात्रीचं परतीचं तिकीट काढून गेलेल्यांचं काय झालं असेल ते तूच बघ. साध्या साखळी सामन्याला एवढं होत नाही, पण दुसऱ्या दिवशीची रजा आणि मुलांच्या डब्याची सोय आधीच लावून ठेव.

जाताना मात्र सकाळचं लवकरातलं लवकर विमान घ्यावं. ते दोन तास रखडलं तरी मॅच हातची जात नाही. साडेआठच्या सुमाराचं असेल तर रात्री तीनला पोवई नाक्यावर सगळ्यांनी हजर. तीन म्हणजे तीन. आमच्यातल्या एकीनं केस धुतले होते, तिच्यापायी तीन पंचवीस झाले. लोहगाव, म्हणजे पुण्याचं विमानतळ, इथून १२० किलोमीटरच्या आसपास आहे, पहाटे वाढे फाट्यावरून हायवेला लागलं की खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, कात्रजचा नवा बोगदा असं सरळ जाता येतं. पण नवले पुलापासून पुढं पुण्याचं काही सांगता येत नाही. देशातल्या विमानाचा चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि गेट पंचवीस मिनिटं आधी. वेब चेक-इन घरीच करून टाक, म्हणजे काउंटरचा प्रश्न उरत नाही. डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळात शिरायचं ॲप, पुण्यालाही चालतं आणि अहमदाबादलाही. एखाद्या दुपारी भिशीतच सगळ्यांच्या फोनवर बसवून घ्या, पहाटे रांगेत उभं राहून ओटीपी शोधत बसू नका.

आणि गाडी स्वतः चालवायची नाही. तुझा हात कितीही बसलेला असो. जाताना काही वाटत नाही, येताना अपरात्री खंबाटकीचा घाट ट्रकांच्या मागं चढायचा असतो, आणि दिवसभर उन्हात ओरडलेल्या माणसाचे डोळे कधी मिटतात ते त्यालाही कळत नाही. ड्रायव्हर सांग, आणि त्याला दिवसभर पुण्यात झोप काढायला लाव. हेही आधीच बोलून ठेव, नाहीतर तो मधल्या वेळात दुसरं भाडं मारून येईल.

विमानाची तिकिटं काढायच्या आधी प्रत्येकीचं आधार कार्ड हातात घेऊन नाव वाच. हसू नकोस. आपल्याकडं निम्म्या बायकांच्या आधारवर माहेरचं नाव असतं, बँकेत सासरचं, आणि तिकीट काढणारी मैत्रीण तिला हाक मारते त्या नावानं काढते. आमच्यातल्या एकीच्या आधारवर अजून लग्नाआधीचं नाव होतं, ते आदल्या रात्री साडेनऊला उमगलं. मग ग्राहक सेवेला फोन, तिथलं संगीत, पुन्हा फोन. झालं काम, पण ती रात्रभर झोपली नाही.

मॅचच्या तिकिटात दोन गोष्टी बघ. एक, ते मोबाईलवरच येतं का कागदी आहे. कागदी असेल तर कुरिअरनं साताऱ्यात येतंय का तिथं खिडकीवर जाऊन घ्यायचंय, आणि खिडकीवर कुणाचं ओळखपत्र लागतंय. दुसरी गोष्ट ऊन. एप्रिलमध्ये अहमदाबादचा पारा चाळिशी गाठतो. तिकीट काढताना स्टेडियमचा नकाशा दिसतो, त्यात उत्तर दिशा कुठं आहे ते शोध आणि पश्चिमेच्या बाजूची जागा घे. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला कलला की तिथं बसणाऱ्यांच्या तो पाठीशी राहतो आणि छताची सावली लवकर पडते. समोर पूर्वेला बसणाऱ्यांच्या थेट डोळ्यांत. आम्ही शंभर-दोनशे रुपये वाचवून पूर्वेची घेतली. पहिल्या डावात मला गोलंदाजाचा हात वर गेलेला दिसायचा, मग नुसता पांढरा उजेड, मग माणसं ओरडायची.

आता खरी गोम. या एका दिवसात तुला दोन दारांतून जायचंय, एक विमानतळाचं, एक स्टेडियमचं, आणि दोघांचे नियम एकमेकांच्या विरुद्ध. पॉवर बँक विमानात फक्त हातातल्या बॅगेत चालते, सामानात टाकायला बंदी. स्टेडियमात ती हातातही चालत नाही. पर्समधली पाण्याची बाटली, छत्री, सुट्टी नाणी, डबा, अत्तराची कुपी यांतलं विमानतळ बरंचसं सोडून देतो, स्टेडियम सोडत नाही. उलट देवघरातला अख्खा नारळ विमानात हातात न्यायला बंदी, आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर कुठल्याच सामानात नकोत, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं. आमच्यातल्या एकीनं टीम जिंकली की फोडायला म्हणून नारळ आणला होता. तो लोहगावातच राहिला. टीम हरली, तिचा अजून त्यावर विश्वास आहे.

स्टेडियमच्या दारात तर आमची पूर्ण शोभा झाली, आणि चूक आमचीच, कारण नेऊ नका अशा वस्तूंची यादी तिकिटाबरोबर आली होती आणि पाचांतल्या एकीनंही वाचली नव्हती. तपासणीच्या बाईंनी माझी पर्स टेबलावर उपडी केली. पॉवर बँक, कंगवा, दोन चाव्या, बडीशेपेची डबी, गुंडाळलेला हातरुमाल, अंबाबाईचा अंगारा, आणि तळातून खडखड करत चौदा नाणी. त्यांनी एकेक बाजूला सारलं. अंगारा परत दिला. पॉवर बँक पिंपात गेली, मुलाची होती, नवी. मागं शंभर माणसं उभी असताना मी दोन रुपयांची नाणी मोजत होते हे मुलीनं ऐकलं तेव्हापासून घरात माझं नाव चौदा नाणी.

यावर उपाय एकच सापडला. अहमदाबादला उतरल्यावर दिवसभरासाठी मोठी गाडी ठरवायची. पाच-सहा जणींत वाटून ती फार जड जात नाही. बॅगा, पॉवर बँक, डबे, सगळं गाडीत. आत जाताना अंगावर फक्त फोन, आधार, तिकीट आणि कुडत्याच्या खिशात नोटा. हो, कुडत्याला खिसा हवाच, नसेल तर शिंप्याकडून लावून घे. साडी नको. पिना इतक्या असतात की विमानतळावर पडद्याआड ते यंत्र वाजतच राहतं. मंगळसूत्र घरी ठेव किंवा बारीक घाल. लाखभर माणसांच्या रेट्यातून बाहेर पडायचंय. हे मोटेऱ्याचं नरेंद्र मोदी स्टेडियम जगात सगळ्यात मोठं, १,३२,००० माणसं बसतात, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या अख्ख्या सातारा शहराला बसवून वर पाहुण्यांनाही जागा उरेल.

गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन नंबर कागदावर लिही आणि प्रत्येकीच्या खिशात एकेक चिठ्ठी घाल. आत एवढे फोन एका जागी आले की नेटवर्क गुडघे टेकतं. यूपीआय फिरत बसतं, म्हणून पन्नास-शंभरच्या नोटा. तिकीट घरच्या वायफायवरच डाउनलोड करून ठेव. आणि गाडी स्टेडियमच्या दारात येईल या भ्रमात राहू नकोस. रस्ते बंद असतात, एक-दीड किलोमीटर चालायचंच. चुकामूक झालीच तर मोटेरा स्टेडियम नावाचं मेट्रो स्टेशन आहे, तिथून एक-दोन स्टेशनं मागं येऊन गाडी बोलवायची. मेट्रो विमानतळाला जात नाही, विमानतळ साबरमतीच्या पलीकडं आहे. पण अंतर फार नाही, म्हणूनच तर एका दिवसासाठी मी अहमदाबाद सुचवते. बंगळूर किंवा हैदराबादला नुसतं विमानतळावरून गावात यायलाच तास-दीड तास जातो.

खाण्याचं तुला काय सांगायचं. दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, मोती चौकातले कंदी पेढे, एवढं पुरे. लोणचं नको, विमानतळावर काढून ठेवतात. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, तेव्हा दीड वाजता गाडीतच पोटभर जेवा आणि मीठ-साखरेचं पाणी प्या. पाणी कमी प्यायचं म्हणजे बाथरूमला जावं लागणार नाही, असला शहाणपणा करू नका. आमच्यातल्या एकीनं केला, आठव्या षटकात तिला चक्कर आली. बाथरूमला दोन डावांच्या मध्ये सगळेच उठतात, आपण सतराव्या-अठराव्या षटकात जाऊन यावं. भिशीतल्या कुणाचे मालक बरोबर यायचं म्हणाले तर गुजरातेत दारूबंदी आहे एवढं त्यांच्या कानावर घाल, उत्साह आपोआप कमी होतो.

दहाला उतरल्यावर एकपर्यंत वेळ मोकळा असतो. मॉल नको. साबरमती आश्रमात जा, वाटेवरच आहे. कडुनिंबाची सावली, नदीचा काठ, आणि गांधीजी १९३० साली १२ मार्चला दांडीला निघाले ते इथूनच. विनोबांची छोटी कुटी आहे तिथं. गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते आपल्या वाईला प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले होते. मी तिथल्या ओसरीवर वीस मिनिटं डोळे मिटून टेकले, दिवसभरातली झोप तेवढीच. क्रिकेटची भक्त असशील तर मोटेऱ्याचंही थोडं आठवून जा. जुन्या मैदानावर १९८७ मध्ये गावसकरांनी कसोटीतली दहा हजारावी धाव घेतली आणि १९९४ मध्ये कपिलनं हॅडलीचा बळींचा विक्रम मोडला. मैदान आता ओळखू येत नाही म्हणतात. दिव्यांचे खांबसुद्धा नाहीत, छताच्या कडेनंच दिव्यांची माळ आहे.

शेवटच्या दोन षटकांचं काय करायचं ते आधीच ठरवून जा. तिथं गेल्यावर भांडण होतं. आमच्यात एक म्हणाली आत्ताच उठू, गर्दी लागणार नाही, दुसरी म्हणाली तीन वर्षं भिशी भरली ती काय गर्दी चुकवायला? शेवटी बसलो आणि विमानही मिळालं. पण सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हर झाली तर उठायचं हे पक्कं ठेव, विमान आपल्यासाठी थांबत नाही.

परतताना लोहगावला उतरल्यावर फोटोसाठी विमानाच्या शिडीवर थांबू नका. ती धावपट्टी हवाई दलाची आहे, तिथं फोटोला बंदी आहे. चहा शिरवळला घ्या, घाटाच्या अलीकडं, आणि ड्रायव्हरला आधी पाजा. तीन-सव्वातीनला साताऱ्यात पोचाल. लॅचची किल्ली आठवणीनं खिशात ठेव, पर्समध्ये नको. बेल वाजली की सासूबाई उठतात, मग मॅच कुणी जिंकली इथपासून सगळं सांगावं लागतं, आणि पाचला दूधवाला येतो.