झोआ उघडत नाहीयेत? आधी रात्री टॉर्च मारा

कुर्ल्याहून झोआचा (खाऱ्या पाण्याच्या टँकमधला, फुलांच्या गुच्छासारखा दिसणारा कोरल) फ्रॅग, म्हणजे कॉलनीचा छोटा तुकडा, घेतला, हार्बर लाइनच्या गर्दीत पिशवी पोटाशी धरून कोपरखैरण्यापर्यंत आणला आणि घरी आल्या आल्या थेट मेन टँकमध्ये ठेवला. चूक माझीच. पंधरा दिवसांत अर्धे पॉलिप (गुच्छातलं एकेक 'फूल') बंद, आणि मी रोज अल्कलिनिटी मोजत बसलेलो, आकडे सगळे व्यवस्थित.

एक-दोन दिवस झोआ मिटले तर टेन्शन घेऊ नका, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) हलली किंवा लाइट वाढवली तरी असं होतं. पण तोच कोपरा आठवडाभर बंद आणि देठ कुरतडल्यासारखे दिसले की किडे शोधायला लागायचं. लाइट बंद झाल्यावर तास-दीड तासाने टॉर्च आणि भिंग घेऊन बसा, कारण ही मंडळी रात्री निघतात.

सगळ्यात डांबिस म्हणजे न्युडिब्रँक, बिनशंखाची समुद्री गोगलगाय. आकार साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर. हा झोआ खातो आणि झोआमधलं शेवाळ याच्या अंगात तसंच राहतं, त्यामुळे याचा रंग तुमच्या कॉलनीसारखाच होतो, वर पाठीवर पॉलिपसारख्या झिरमिळ्या. एखादा पॉलिप चालताना दिसला तर तो पॉलिप नाही. अंडी देठावर किंवा फ्रॅगच्या खालच्या बाजूला, पांढरी, इवलीशी चकली घातल्यासारखी. दुसरा सनडायल स्नेल, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा चपटा शंख. तिसरे सी स्पायडर, म्हणजे नुसता काटकुळ्या पायांचा गुंता. ब्रिसल वर्मला (अंगावर काटेरी केस असलेला समुद्री किडा) उगाच मारू नका, तो बिचारा बहुतेक वेळा मेलेलं खायला आलेला असतो आणि नाव त्याचं खराब होतं.

आता डिप, म्हणजे किडे पाडणाऱ्या औषधाच्या पाण्यात फ्रॅग बुडवणं. त्याआधी ग्लोव्ह्ज आणि चष्मा घाला, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असू शकतं. हाताला कापलेलं असेल तर हात घालू नका, आणि झोआ लागलेला दगड उकळायचा तर विचारसुद्धा नको, वाफेतून लोक हॉस्पिटलात गेलेत.

आइस्क्रीमचे तीन पांढरे डबे घ्या (पांढरे अशासाठी की पडलेला किडा लगेच दिसतो), तिन्हींत टँकचंच पाणी. पहिल्यात कोरल डिप, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, जास्त टाकल्याने जास्त फायदा वगैरे काही होत नाही. फ्रॅग बुडवा आणि बाटलीवर दिलेला वेळ होईपर्यंत सिरिंजने देठांच्या मधे पाण्याचे फवारे मारत राहा. मग बाकीच्या दोन डब्यांत खळबळून घ्या. डिपचं पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये. सनडायल स्नेल शंखाचं झाकण लावून आत बसतो, त्याला डिपने फार फरक पडत नाही, तो चिमट्यानेच उचला.

आणि खरी गोम इथे आहे, डिपने अंडी मरत नाहीत. म्हणून चिमटा आणि जुना टूथब्रश घेऊन अंडी खरवडा, जुना प्लग (फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो तुकडा) काढून फेका, सुपरग्लू जेलने नव्या प्लगवर चिकटवा. तरी एखादी चकली राहतेच, म्हणून दर ५-७ दिवसांनी पुन्हा डिप, किमान चार वेळा. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा, कारण दुसऱ्या डिपनंतर झोआ छान उघडतात आणि आपण आळस करतो.

हे सगळं होईपर्यंत फ्रॅग वेगळ्या टाकीत, २० लिटरची चालते, स्पंज फिल्टर आणि साधी लाइट, चार ते सहा आठवडे. नवी मुंबईत हीटरपेक्षा पंखाच जास्त लागतो, मे महिन्यात तर छोटं पाणी बघता बघता तापतं, आणि पंख्याने पाणी उडून सॅलिनिटी चढते, म्हणून रोज आरओचं पाणी टाकून लेव्हल सारखी करा. मेन टँकमध्ये औषध ओतू नका, कोळंबी आणि खेकडे आधी जातील. तिथे दगडावर पसरलेली कॉलनी असेल तर रात्री किडे पाइपने ओढून काढत राहणं एवढंच हातात आहे, यलो कोरिस रास या किडे खाणाऱ्या पिवळ्या माशाने मदत होते पण भरवसा नाही.

अॅक्रोपोरासारख्या स्टोनी (दगडासारख्या कठीण सांगाड्याच्या) कोरलच्या किड्यांबद्दल इथे लिहिलं नाही, कारण आपल्याकडे ते कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मध्ये आहेत, त्या भानगडीत पडूच नका.

माझ्या चौथ्या डिपला डब्यात काहीच पडलं नाही. तरी पाचवी केली. तिच्यात एक निघाला.